कानात सांगायचे सहा आकडे

चैत्र वद्य पंचमी, सोमवार

पुन्हा आला! माध्यान्हसंध्या चालू, नाक धरलेले, आणि देवघराबाहेरच्या कोनाड्यात तो फोन किणकिणला. सहा आकडे. खाली मोठ्या गांभीर्याने आज्ञा — हा क्रमांक कोणालाही सांगू नये. मी तो मागितला नव्हता. पाठवणाऱ्याशी माझी ओळख नाही. तरी तो पाठवायचा, आणि वर मलाच गुप्ततेची शपथ घालायची!

सुशांतराव, आमचे जावई, पुण्यात बँकेत आहेत. हे यंत्र माझ्या हाती देतानाच त्यांनी बजावले होते की असे आकडे मागणारे सगळे लुबाडणारे असतात. मला सांगावे लागत नाही. मी आला आकडा पुसून टाकतो. या महिन्यात असे कितीतरी पुसले. मुंज झाल्यापासून एकदाही संध्या मोडलेली नाही; ती काय या किणकिणाटाने मोडणार?

चैत्र वद्य षष्ठी, मंगळवार

आमच्या अंगणाखालून वाहणाऱ्या पऱ्यापलीकडे, ओढ्याच्या त्या काठाला, पंचायतीची कचेरी आहे. तिच्या भिंतीवर आज नवा फलक दिसला — 'कागदविरहित ग्रामपंचायत'. फलक कागदाचा. त्याचा एक कोपरा शेळीने खाल्लेला.

ग्रामसेवक प्रवीण महाडच्या शाळेत माझ्याकडे संस्कृतला होता. 'राम' शब्द चालवताना तृतीयेला पोहोचला की त्याला घाम फुटे. तो आता मला सांगतो की दाखले घरबसल्या मिळतात. मग ही एवढी माणसे घर सोडून इथे का बसली आहेत, असे विचारले. म्हणाला, सर्व्हर डाऊन आहे. पूर्वी 'साहेब जेवायला गेलेत' असे सांगत. साहेब निदान जेवून परत येत.

चैत्र वद्य नवमी, शुक्रवार

उलगडा झाला. आणि तो इतका हास्यास्पद आहे की लिहून ठेवणे भाग आहे.

पंचायतीच्या सेवा केंद्रात संगणकावर बसणारी मुलगी, निशिगंधा, भर उन्हात आली. विचारू लागली, गुरुजी, तुमच्या फोनवर ओटीपी येतात का? येतात आणि मी ते पुसतो, असे सांगितल्यावर ती पायरीवर बसलीच.

गोष्ट अशी. वरच्या वाडीच्या डोंगराला गेल्या श्रावणात भेग पडली. शासन वाडीला खाली, कापडे गावाच्या रस्त्याकडच्या सपाटीला, घरांसाठी जागा देणार आहे. कागदावर अंगठा चालत नाही. प्रत्येक घराच्या कर्त्याने पडद्यावर संमती द्यायची. आणि तो कर्ता तोच आहे हे ठरवण्यासाठी त्याच्या आधाराला जोडलेल्या फोनवर सहा आकडे येतात. तो फोन कोणाचा? साऱ्या वाडीचा एकच — माझा!

आधाराचे शिबिर झाले तेव्हा वाडीत कोणाकडेच फोन नव्हता. रांगेत पहिला कुशाबा. नंबर विचारल्यावर म्हणाला, "गुरुजींचा लिवा." मागचा म्हणाला, "माझाबी तोच." मग सगळी रांग तोच. त्या शिबिरातल्या विद्वानांना एका माणसाचे एवढे संसार कसे, असा प्रश्न पडला नाही. यंत्रालाही पडला नाही.

निशिगंधेचे म्हणणे, यापुढे आकडे आले की तिला सांगत जावे. मी तिला शासनाचे वाक्य दाखवले — कोणालाही सांगू नये. ती म्हणाली, ते सगळ्यांनाच तसे लिहितात. म्हणजे जे सगळ्यांना लिहिले ते कोणीच पाळायचे नसते, हा यांचा नवा धर्म! आज्ञा लिहिणारे तुम्ही, मोडायला सांगणारेही तुम्हीच. मी नेमक्या कोणत्या शासनाचे ऐकू? मी आकडे सांगितले नाहीत.

ती गेल्यावर ही आतून म्हणाली, "वादात जिंकलात. पोरीला पाणी विचारायचं राहिलं."

चैत्र वद्य एकादशी, रविवार

उपवास. कचेरी बंद, म्हणून फोनही निर्जळी. उत्तम दिवस.

चैत्र वद्य त्रयोदशी, मंगळवार

कुशाबा उतरून आला. लहानपणी माझ्या वडिलांना पूजेसाठी बेल हाच आणून देई. आता एकादशीची वरी आणून देतो. ओसरीवर टेकला, पाणी प्यायला, आणि बराच वेळ भाताच्या रोपांसाठी भाजायच्या दाढीविषयी बोलला. उठता उठता म्हणाला, "नंबर दिला तवा आमी फोनवर इस्वास नव्हता ठेवला, गुरुजी. तुमच्यावर ठेवला व्हता."

एवढेच. भांडला असता तर बरे झाले असते.

दुपारभर विचार केला. शास्त्र स्पष्ट आहे. ही ठेव आहे. विश्वासाने ठेवलेली वस्तू ज्याची त्याला परत द्यावी, मध्ये तिसऱ्याचा हात लागू नये. 'कोणालाही' म्हणजे परक्याला. आकड्यांचा धनी परका नव्हे. तेव्हा निर्णय असा: ज्याचे आकडे, त्याने स्वतः माझ्या ओसरीवर यावे. पाय धुवावे. मी ते त्याच्या कानात सांगेन, गुरू मंत्र देतो तसे. पुढे त्याचा तो मुखत्यार.

हिला सांगितले. ही पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

चैत्र अमावास्या, गुरुवार

डिजिटल भारताचा सोहळा आज माझ्या ओसरीवर पार पडला.

निशिगंधेने लॅपटॉप पाटावर मांडला. पाट आमचा, सत्यनारायणाचा. वाडीची माणसे अंगणात ओळीने बसली. पहिला चंदू. फोन किणकिणला, मी चंदूच्या कानाशी लागून सहा आकडे अत्यंत मंद स्वरात सांगितले. तो ताडकन उठला आणि पऱ्यापलीकडे म्हैस चरत असती तर बुजली असती अशा आवाजात म्हणाला, "तीन आठ शून्य शून्य पाच दोन — लिव गो!"

मी त्याला सावध केले की हा गुप्त क्रमांक आहे. म्हणाला, "व्हता, गुरुजी." तो त्याचा अधर्म. माझा नव्हे.

भिकूला कमी ऐकू येते. त्याच्या कानात सांगता सांगता आकडे शेजारच्या आळीलाही कळले असावेत. बहिऱ्याशी गुप्तता कशी राखावी, याविषयी शासनाच्या संदेशात एक अक्षर नाही.

जानकीबाई विधवा, घराची कर्ती. परस्त्रीच्या कानाशी तोंड नेणे मला शोभत नाही. तेव्हा मी ते हिला सांगितले आणि हिने तिला. आमची पंडिता लगेच म्हणाली, "मला सांगितलेत, नियम मोडला की." पत्नी हे अर्धे शरीर आहे, मी माझ्याशीच बोललो. निशिगंधा हसताना पकडली गेली.

संध्याकाळपर्यंत अर्धी वाडी झाली. सर्व्हर मध्येच जेवायला जात होता.

वैशाख शुद्ध द्वितीया, शनिवार

उरलेली घरे आज उरकली. शेवटचा कुशाबा.

त्याच्या कानात आकडे सांगितले. तो मान खाली घालून बसून राहिला. निशिगंधेची बोटे वर तयार. "काका, बोला लवकर, वेळ संपंल."

कुशाबा म्हणाला, "कोनाला सांगू नको म्हनतंय ना? नाय सांगत."

अंगण हसले. मग हळूहळू हसायचे थांबले, कारण तो खरोखरच सांगेना. पडद्यावरची वेळ संपली, आकडे मेले. कुशाबाने टोपी झटकली आणि मागे न बघता वाडीची वाट धरली.

त्याची बायको ठकूबाई अंगणात उभीच होती. म्हणाली, चुलीखालून भेग गेली आहे, मांडलेली भांडी आपल्याआप सरकतात, आणि नातवाला घेऊन ती दिवसभर मांडवात बसते. जागेसाठी संमती द्यायला पुढच्या शनिवारची दुपार शेवटची आहे. मग माझ्याकडे बघून: "गप बसायला तुमी शिकवलात त्याला, गुरुजी. आता बोलायला कोन शिकवील?"

ते आकडे मला ठाऊक होते. पाटावरच्या त्या यंत्रापासून मी हातभर अंतरावर होतो. सांगितले असते तर ठकूबाईला खाली सपाटीवर घर मिळाले असते. पण ठेव माझी नव्हती, आणि ज्याची होती त्याने तोंड मिटले होते. पडद्यावर एक वाक्य लाल अक्षरांत आले — 'पुन्हा प्रयत्न करा'. एवढ्या मोठ्या शासनाकडे कुशाबासाठी एवढेच शहाणपण.

वैशाख शुद्ध तृतीया, रविवार

अक्षय्य तृतीया. तर्पण आटोपून वर गेलो. चंदूच्या टेम्पोने रस्ता संपेपर्यंत, पुढे काठी टेकत. गुडघ्यांना सवच्या गरम पाण्याच्या कुंडात बसवल्याशिवाय आता गत्यंतर नाही.

भेग पाहिली. माझी काठी मुठीपर्यंत आत गेली. यापेक्षा अधिक लिहीत नाही.

कुशाबा वाडीच्या टोकाला, वाघजाईच्या दगडाजवळ बसला होता. वर्षानुवर्षे हा तिला दिवा लावतो. त्याच्या आधी त्याचा बाप लावी. मी शेजारी टेकलो तेव्हा म्हणाला:

"मानसाला पलाट देतात, गुरुजी. हिला कुठं ठेवू?"

त्या पडद्यावर काय काय विचारतात, ते मी कालच पाटाशेजारी बसून पाहिले आहे. नाव, वय, जात, खोल्या किती, छप्पर कशाचे, शेळ्या किती, शौचकूप आहे की नाही. शेळीला रकाना आहे. जिच्या भरवशावर ही वाडी डोंगराला चिकटून राहिली, तिला नाही. आणि मी आठवडाभर 'कोणालाही' या शब्दाचा कीस काढीत होतो. हा मुका का, हे मीही त्याला विचारले नव्हते.

"हालवता येतं काय तिला? त्या पोरीला इचारून काय उपेग. तुमी सांगा."

सांगितले. येते. तिची पूजा करून अनुज्ञा मागावी, देवत्व मंत्राने कलशात घ्यावे, कलश डोक्यावरून, वाटेत कुठेही न टेकवता, नव्या जागी न्यावा आणि तिथे पुन्हा प्रतिष्ठा करावी. घर पडते म्हणून देवीने पडावे, असे शास्त्रात कुठेही लिहिलेले नाही.

"करील कोन?"

"मी करीन."

"गुडघं?"

"ते मी बघेन."

तो दगडावरचा पाचोळा काढू लागला. "बगतो," म्हणाला. डोंगरावरच्या माणसाकडून याहून अधिक शब्द निघत नाही.

वैशाख शुद्ध पंचमी, मंगळवार

कचेरीत गेलो. स्वतः! नव्या वसाहतीच्या नकाशात देवीला जागा कुठे आहे, असे प्रवीणला विचारले. म्हणाला, "गुरुजी, तसा ऑप्शन नाही." म्हटले, तृतीयेला अडखळलास तेव्हाही तुझे हेच उत्तर होते. निशिगंधेने मान वर न करता सांगितले की शेवटी एक 'इतर' असा रकाना असतो, त्यात लिहिता येईल. लिहिले. कोपऱ्यावरची जागा, वडाच्या झाडासह. अर्ज गेल्याची पावतीही यंत्राने दिली.

वाघजाई, 'इतर' या वर्गात! महिषासुराला हे कळते तर हसून मेला असता, युद्ध वाचले असते.

वैशाख शुद्ध षष्ठी, बुधवार

कुशाबाकडून काही नाही. फोन कोनाड्यातून देवघराच्या उंबऱ्याशी आणून ठेवला. उंबऱ्याबाहेर.

वैशाख शुद्ध अष्टमी, शुक्रवार

दोनदा किणकिणला. एकदा कर्ज हवे का म्हणून, एकदा साड्यांचा सेल. राज्यकर्ते आणि वाणी एकाच घंटेने हाका मारतात.

ही म्हणाली, "वाट बघताय."

नाही म्हटले.

वैशाख शुद्ध नवमी, शनिवार

माध्यान्हसंध्या. अर्घ्याचे पाणी ओंजळीत, आणि फोन किणकिणला. दारातून पाहिले. पऱ्यापलीकडे कचेरीच्या पायरीवर ठकूबाई, आणि तिच्यापुढे कुशाबा, हाताचा पंजा कानामागे धरून, आमच्या ओसरीकडे तोंड करून उभा. ओंजळ सोडली. सोवळ्यातच अंगणात गेलो आणि साहीच्या साही आकडे अख्ख्या गावाला ऐकू जातील असे ओरडून सांगितले. त्याने दाराकडे वळून आतल्या निशिगंधेला ते तसेच परत ओरडून सांगितले. एकही चुकला नाही.

संध्या अर्धी राहिली. कलशासाठी तांब्या घासायला घेतला.