सेडानचे बारा सेंटीमीटर

३ फेब्रुवारी, सोमवार
सेडान आली. आजपासून रोजनिशी. हेतू शास्त्रीय: जुनी गाडी (घरातलं नाव डबी) आणि नवी सेडान यांची निःपक्षपाती तुलना. जमीन मोजणी खात्यात बावीस वर्षं काढली आहेत, मोजल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. तक्ता आखला. दहा मुद्दे, प्रत्येकी दहा गुण. निकाल सेडानच्या बाजूने लागणार हे उघड आहे, पण पद्धत ती पद्धत.

डबीचे दोष आधीच नोंदवून ठेवतो. वय अकरा. ड्रायव्हरकडची काच तळहाताने ढकलल्याशिवाय वर जात नाही, दुरुस्ती अशक्य. मुलगी लहान असताना मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलं, त्याची कळ तुटली. तेव्हापासून मागे बसलेल्याला कुणीतरी बाहेरून दार उघडून काढावं लागतं. अशी ही डबी बायकोच्या भावाला दिली. मेव्हणा दोन घरं सोडून राहतो. भलताच खूश होता. मला त्याची दया आली.

बायकोने विचारलं, सेडान हवीच होती का. मी म्हटलं, बाबांसाठी घेतली. बाबांचे गुडघे गेलेत, दर गुरुवारी त्यांना व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरबाईंकडे न्यावं लागतं. आता जरा ऐसपैस बसतील. बायको म्हणाली, बरं. तिचं हे ‘बरं’ माझ्या ओळखीचं आहे. दुर्लक्ष केलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी ७.४०
पार्किंगची जागा मी स्वतः टेप लावून मोजली होती. गाडी बरोब्बर बसली. दार उघडायला लागणारी जागा तेवढी मोजायची राहिली. शेजारच्या सीटवरून सरकत, गिअर ओलांडून, पलीकडून उतरलो. पोट कमी करायचं मनात होतंच.
व्यायाम: सेडान १०, डबी ०.

६ फेब्रुवारी, गुरुवार
बाबांची पहिली फेरी. बाबा उघड्या दारासमोर काठी टेकून बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले की आत पडायला काही हरकत नाही, पण वर कोण काढणार? मी म्हटलं, मी आहे ना. दवाखान्यापाशी मी, वॉचमन आणि स्वतः डॉक्टरबाई, अशा तिघांनी मिळून काढलं. बाईंनी विचारलं, ती उंच गाडी कुठे गेली. मी विषय बदलला.

वाटेत बाबा एक शब्द बोलले नाहीत. डबीत तोंडाचा पट्टा चालू असायचा. क्लच हळू सोड, पुढच्याच्या बोडक्यावर बसू नकोस, तुला गाडी शिकवली तेव्हाच माझे केस गेले. घरात आमचं बोलणं म्हणजे पेपर झाला का, एवढंच. काय ते बोलायचे ते गुरुवारी, गाडीत. आजचं गप्प बसणं इंजिनाच्या शांतपणामुळे असावं.
शांतता: सेडान १०, डबी २.

९ फेब्रुवारी, रविवार
सहकुटुंब फेरफटका. कोपऱ्यावरच्या स्पीडब्रेकरला सेडानचं पोट घासलं. आवाज माझ्या काळजातून आला. उपाय लगेच सापडला: स्पीडब्रेकर आला की बायको आणि मुलीने उतरायचं, चालत पलीकडे जायचं, मी हलकी गाडी तिरकी काढायची. तिसऱ्या स्पीडब्रेकरनंतर त्या दोघी परत बसल्याच नाहीत. घरी माझ्याआधी पोचल्या.
कुटुंबाचं आरोग्य: सेडान १०.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
बाबा म्हणाले, आज गुडघा बरा आहे, जायला नको. औषध लागू पडलं म्हणून मला आनंद झाला. अर्ध्या तासाने गॅलरीत गेलो तर खाली डबी उभी. बाबा पुढच्या सीटवर बसलेले, मेव्हणा स्टिअरिंगवर, आणि बाबा हातवारे करून बोलतायत. काच बंद होती, ऐकू काही आलं नाही. पण ते ‘क्लच हळू सोड’च होतं, हाताच्या हालचालीवरून मी शपथेवर सांगू शकतो.

मला फार वाईट वाटलं. जेवलो नाही. म्हणजे नेहमीपेक्षा एक पोळी कमी.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
मेव्हण्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, भावोजी, बाबांनीच फोन केला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगू नको म्हणाले. वर म्हणाला, बाबा काय मस्त बोलतात हो! मी म्हटलं, माहीत आहे मला.
संकल्प: पुढच्या गुरुवारी बाबा सेडानमध्येच. काहीही करून.

२० फेब्रुवारी, गुरुवार
दोन जाड उशा आणल्या. सीट उंच झाली. बाबा ऐटीत बसले, पण डोकं छताला लागलं. जाताना मान डावीकडे, येताना उजवीकडे. डॉक्टरबाईंनी गुडघ्याबरोबर मानेचेही व्यायाम लिहून दिले. बाबा मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.
आजचे गुण राखून ठेवले आहेत.

२२ फेब्रुवारी, शनिवार, दुपार
मेव्हणा घरी नाही असं पाहून टेप घेऊन डबीपाशी गेलो. गुडघे टेकून मोजमाप चालू असताना मेव्हण्याची बायको आली. काय हरवलंय, तिने विचारलं. मी म्हटलं, पेन. तीही बिचारी शोधायला लागली. दहा मिनिटं आम्ही दोघांनी पेन शोधलं. ते माझ्या खिशातच होतं, हे तिने दाखवून दिलं.

डबीची सीट जमिनीपासून साठ सेंटीमीटर. सेडानची अठ्ठेचाळीस. फरक बारा. गाडी घेण्याआधी मी तिची लांबी, रुंदी, डिकी, फाटक, सगळं दोनदा मोजलं होतं. ज्यांच्यासाठी घेतली त्यांचा गुडघा एकदाही मोजला नाही. हे बायकोला सांगितलं. ती ‘बरं’सुद्धा म्हणाली नाही. चहा करून दिला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
मेव्हण्याला म्हटलं, गुरुवारपुरती डबी मला दे, मी नेतो बाबांना. तो म्हणाला, भावोजी, आता मलाही सवय लागली, तुम्ही पण चला की. पुढे बाबा. मी मागे.

काच एका बटणात वर गेली. मी चाटच पडलो. मेव्हणा म्हणाला, अर्ध्या तासाचं काम होतं.

बाबांचा पट्टा चालू झाला. क्लच हळू सोड. वळणावर घाई नको. मग मेव्हण्याला म्हणाले की वळण घ्यावं ते आमच्या याने, पोटातलं पाणी हलत नाही. अकरा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून वळणं घेतली, हे मला कधी सांगितलं नाही. मी मागे आहे हे ते विसरले असावेत. मी खिडकीबाहेर बघत बसलो. डोळ्यात काहीतरी गेलं होतं.

दवाखाना आला. बाबा आपले आपण उतरले. मेव्हणाही उतरून नाव नोंदवायला आत गेला. मी दाराची कडी ओढली. दार उघडेना. परत ओढली. मग आठवलं.

काच वाजवली. बाबा वळले. काठी टेकत, एक एक पाऊल टाकत मागे आले, बाहेरून दार उघडलं आणि मला हात दिला. म्हणाले, उतर, डोकं सांभाळ.

तक्ता फाडला.