चौथ्या सिलिंडरचं माप

१० फेब्रुवारी, लातूर
दु. ड्यूटी. घरी आले तर हे ओसरीत गाडीच्या इंजिनासमोर पाटावर. डाव्या हातात पाना, उजवा मांडीवर पडलेला तसाच. दिवाळीत लकवा मारला, तेव्हापासून हा हात आणि बोलणं दोन्ही गेलं. बोलणं थोडं परत आलं. हात नाही.
मला बघून म्हणाले, "तू."
मी काय?
"तू. हात."
कळायला वेळ लागला. उघडून ठेवलेलं इंजिन जोडायला माझे हात पाहिजेत.
माझ्या बदलीपायी हे नांदेडचं गॅरेज बंद करून इकडं आले. नवा जिल्हा, वाढीव दवाखाना, नर्सा कमी. तेव्हा काहीच बोलले नाहीत. तेव्हा बोलता येत होतं.

१३ फेब्रु.
दवाखान्याची जीप औसा रोडला उकळून बंद. ड्रायव्हर घागर घेऊन दारोदार, कुणी पाणी देईना. लोकांनाच प्यायला नाही.
ह्यांना सांगितलं. हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. आपली गाडी वाऱ्यावर थंड होते, तिला पाणी लागत नाही. धरणावरचा एक परदेशी इंजिनियर जाताना देऊन गेला ती. गोल, इंजिन मागं. नांदेडात पोरं बेडकी म्हणायची. हे म्हणायचे, "मराठवाड्यासाठीच केलीय बघ कुणीतरी."

१९ फेब्रु.
रसूलभाई नांदेडहून आले. ह्यांचे जुने लेथवाले. इंजिनाचं कवच घासून सपाट करायला त्यांच्याकडं दिलं होतं, ते घेऊन. ह्यांना बघून दारातच थांबले, मग पायताण काढायला लई वेळ लावला.
मला समजावलं. "भाभी, एका बाजूनं जास्ती घासावं लागलं. आता सिलिंडर खाली बसंल, अन् पिस्टन लई वर येईल. सिलिंडरच्या बुडाला पातळ कडी टाकायची, माप सारखं करायचं. कमी राहिलं तर पिस्टन वरच्या झाकणाला, हेडला, धडकंल. खतम."
पिस्टन पार वर आला की सिलिंडरच्या काठाच्या किती खाली राहतो, ते हे माप. चारीचं सारखं पाहिजे.
किती पाहिजे?
"ते उस्तादलाच ठाऊक. ही गाडी म्या कवा खोलली न्हाई."
ह्यांना विचारलं. "पाच."
रसूलभाई पाटाजवळ उकिडवे बसले. पाच मिलिमीटर म्हणजे इंजिन चालायचंच नाही. "उस्ताद, एक म्हणायचंय का?"
"पाच!" चिडून. मग थोड्या वेळानं, "मंगळवार."
मग रडले. रसूलभाईंसमोर.

२० फेब्रु.
डॉ. म्हणाले असंच होतं. मनात एक शब्द, तोंडात दुसरा. आकड्यांचं जास्त. चूक झाली हे त्यांना स्वतःला कळेलच असं नाही.
हे मला माहीत नव्हतं का? वॉर्डात किती पाहिले. घरातलं दिसत नाही माणसाला.

२३ फेब्रु.
सुटी. आकडा विचारला नाही. माप घ्यायच्या पातळ पोलादी पट्ट्या ताटात पसरून ठेवल्या. त्यांनी डाव्या हातानं एक जाड, एक पातळ उचलली, एकावर एक धरली, माझ्या हातात दिली. सव्वा मिलि.
खरं का? तोंड चुकतं तसा हातही चुकत असेल तर?
जेवणानंतर पट्ट्या उलटसुलट करून पुन्हा ताट ठेवलं. त्याच दोन उचलल्या. माझ्याकडं असं बघितलं, की परीक्षा घेतेस का. शरम वाटली. बरंही वाटलं.

२ मार्च
पहिल्या सिलिंडरचं माप घेतलं. रोज वेगळं येऊन राहिलं. हे मान हलवतात, सांगता येत नाही, पाय आपटतात. शेवटी माझा हात धरून सिलिंडरवर दाबला. सिलिंडर नटांनी घट्ट आवळून मगच माप घ्यायचं, नाहीतर तो उचललेला राहतो. एवढंच होतं. एवढं सांगायला आठवडा.
टँकर आज पण नाही.

९ मार्च
तीन झाले! क्रँक मी फिरवते, पिस्टन वर येतो, काठावर पट्टी आडवी, खाली त्या दोन पट्ट्या सरकवायच्या. किंचित अडकत जायला पाहिजेत. हे आवाजावरून ओळखतात. डोळे मिटून ऐकतात.
चौथा वर येतो. कडी कमी पडते. रसूलभाईंना निरोप दिला.
घरमालकीण काकू: "बाई, ते लोखंड हलवा ओसरीतून. मला पाण्याचे पिंप ठेवायचेत." पंधरा दिवस द्या म्हटलं. "पाणी काय थांबतंय का तुमच्यासाठी?" खरं आहे त्यांचं. पिंप भरायला आम्हीच जातो की त्यांच्याकडं.

१६ मार्च
रसूलभाईंनी तांब्याच्या पत्र्याची कडी कापून एस.टी. कंडक्टरजवळ पाठवली. बसवली. माप एका अंगाला सव्वा, दुसऱ्या अंगाला कमी. काढली, पुसली, पुन्हा. तेच. संध्याकाळपर्यंत तेच.
ह्यांनी हात मारून सगळं ओसरीत उडवलं. पट्ट्या, नट, कडी. म्हणाले, "मेलो."
हा शब्द बरोबरच होता का त्यांच्या मनातला, विचारायची हिंमत झाली नाही. मी नट गोळा करत बसले.

१७ मार्च
जेवले नाहीत. पाटावर बसले नाहीत. भिंतीकडं तोंड.

१९ मार्च
पहाटे दुसरा झटका. सायकल रिक्षातून नेलं. माझ्याच वॉर्डात, माझ्याच हातानं सलाईन. शीर सापडेना. मला! चौदा नंबरच्या खाटेवरचा म्हातारा म्हणाला, "सिस्टर, रडू नगा, दुसऱ्या हाताला बघा."

२४ मार्च
डोळे उघडतात. मी कोण ते कळतं का, सांगता येत नाही.
पौर्णिमेला विहारात गेले नाही. काय मागायचं?

३० मार्च
काकूंनी पिंप ओसरीत ठेवले, इंजिनाला टेकून.
कडी उजेडात धरून बघितली. आतल्या काठाला कापताना राहिलेली बारीक उंच धार, बोटाला लागते न लागते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून हळूहळू घासली. बसवली, नट आवळले, क्रँक फिरवली. पट्ट्या किंचित अडकत गेल्या. दोन्ही अंगांना. पुन्हा घेतलं माप. पुन्हा. चारी सारखे.
ओसरीत कुणीच नव्हतं. मी मोठ्यानं म्हणाले, "जमलं." कुणाला म्हणाले?

३१ मार्च
ड्यूटीच्या आधी त्यांच्या खाटेशी. कानाजवळ सांगितलं, "अहो, चौथा बसला. सव्वा. दोन्ही अंगांना. आता हेड चढवलं की गाडी उभी."
माझ्याकडं बघितलं. किती दिवसांनी नीट नजरेला नजर. आणि बोलले. स्वच्छ, न अडखळता, पहिल्यासारखे.
"कोणाची गाडी?"

४ एप्रिल
रसूलभाई येऊन दवाखान्यात भेटून गेले. घरी आले, इंजिनावरची चादर उचलून माप तपासलं, स्वतःच्या पट्ट्यांनी. बरोबर आहे म्हणून मान हलवली. मग विचारलं, "भाभी, हेड चढवू का? आजच्या आज होईल."
थांबा म्हटलं.
त्यांनी रिकाम्या पाटाकडं बघितलं. चादर परत घातली, पिंपातलं तांब्याभर पाणी प्याले आणि नांदेडची गाडी धरायला गेले.