डॅशबोर्डवरचे दिवे आणि आप्पा

तीर्थरूप दाजींना,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण गाडीखाली वाकून वाकून कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच स्वीकारावा. तुमचा रक्तदाब काय म्हणतो? ताईचे गुडघे? आमच्याकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. आई जाऊन वर्ष होत आलं, आप्पा अजून बोलत नाहीत. (डॉक्टर म्हणतात, पक्षाघाताच्या झटक्याने डावा हातपाय गेला, वाचा नाही गेली, बोलायचं नाही म्हणून बोलत नाहीत.) वाढलं की जेवतात, उठवलं की उठतात, आणि उरलेला वेळ आईच्या शिलाई मशीनकडे तोंड करून बसतात. घरात आम्ही तिघं आहोत आणि आवाज येतो तो फ्रीजचा.

पत्राचं कारण म्हणजे तुमची गाडी. तुमची म्हणजे तुमच्या ऑफिसातल्या मित्राची, पण तुम्ही तिचं असं काही कौतुक केलंत की मला ती तुम्हीच घडवली असावी असं वाटलं. आप्पांना व्यायामाच्या दवाखान्यात न्यायला गाडी हवी होती आणि तुम्ही म्हणालात, एकाच माणसाने वापरलेली आहे, डोळे झाकून घे. दाजी, मी डोळे झाकूनच घेतली. उघडले तेव्हा समोर पिवळा दिवा लागलेला होता.

त्या दिव्यावर इंजिनाचं चित्र असतं. (हिला तो नळ वाटला. पाणी संपलं असेल म्हणाली.) मेकॅनिकने गाडीला यंत्र जोडलं, त्यात पाहिलं आणि सुस्कारा सोडला. आईच्या वेळी वॉर्डातल्या डॉक्टरांनी सोडला होता तसाच. त्याने कसलासा सेन्सर बदलला. दिवा गेला, आठवडाभर बाहेरगावी राहिल्यासारखा राहिला आणि परत आला. मग आणखी एक सेन्सर. शेवटी निघालं काय, तर पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं रबर चिरलेलं होतं. 'आधी झाकणच बघायचं राहिलं बघा,' असं तो अगदी हसतमुखाने म्हणाला. पाठोपाठ पोटावर फुगा घेऊन बसलेल्या माणसाचा दिवा लागला. (ही म्हणाली, हे तुमचंच चित्र आहे.) तो एअरबॅगचा. आप्पांचा पाय ताठ असल्यामुळे त्यांना बसवताना सीट मागे ओढावी लागते आणि सीटखालची वायर सैल होते. मेकॅनिक ती घट्ट करी, मी सीट ओढून पुन्हा सैल करी. अखेर कंटाळून त्याने मला काळी चिकटपट्टी दिली. जुनी गाडी आहे, दिवे लागायचेच, पट्टी लावा आणि मनावर घेऊ नका, असा त्याचा सल्ला. मी लावली. खरं सांगतो, त्या वर्षात इतका सोपा उपाय मला दुसऱ्या कुठल्याच गोष्टीवर कुणी सांगितला नव्हता.

मग तो मंगळवार. आप्पांना घेऊन दवाखान्यात निघालो होतो. पुलावर चढताना तेलाच्या बुधलीचा लाल दिवा लागला. मी पाहिला, आणि घरी गेल्यावर याच्यावरही पट्टी लावू, असा विचार केला. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बंद कर."

मी रेडिओकडे पाहिलं. तो बंद होता.

"बंद कर म्हणतो ना!" आणि आप्पांनी चांगल्या हाताने हँडब्रेक ओढला. मागच्यांनी हॉर्न वाजवून आमच्या कुळाचा उद्धार केला. खाली उतरून पाहतो तर तेलाची धार लागलेली. (मेकॅनिकनेच तेल बदलताना खालचा बोल्ट नीट आवळला नव्हता. त्याला जाब विचारला तर म्हणाला, पण इंजिन वाचलं ना!) आप्पांनी सगळी नोकरी कारखान्यात बॉयलरच्या पॅनलवरचे दिवे बघत काढली, हे मी विसरलो होतो. ताईला आठवत असेल, तेव्हाही घरी आले की ते बोलत नसत. बोलायची ती आई.

गाडी ओढून न्यायला येईपर्यंत आम्ही कडेला बसलो होतो. मी वर्षभराचं सगळं विचारून घेतलं: काय दुखतं, काय खावंसं वाटतं, माझ्यावर राग आहे का. आप्पा एवढंच म्हणाले, "ती पट्टी काढ."

काढली. तेव्हापासून ते गाडीत बोलतात. फक्त गाडीत, आणि फक्त दिव्यांबद्दल. इंडिकेटर लावला की "हिरवा." वळायला उशीर झाला की "अजून हिरवाच." एकदा हेडलाइटचा निळा दिवा लागला तर भर चौकात थांबायला लावलं, तो लागायलाच हवा असतो हे पटवता पटवता सिग्नल दोनदा पडला. घरी आलो की पुन्हा मशीनकडे तोंड.

परवा निघताना दाराचा दिवा लागला. "दार," आप्पा म्हणाले. मी चारही दारं पाहिली. मागचं दार नीट लागलं नव्हतं. तिथे कुणी बसतच नाही. ते लावायला हात घातला तर आप्पांनी विचारलं, "ती बसली का नीट?"

दाजी, तुम्ही काय सांगितलं असतं? मी म्हटलं, "बसली." दार लावलं. दिवा गेला. दवाखाना येईपर्यंत त्यांनी आरशात पाहिलं नाही आणि मीही पाहिलं नाही.

तर मुद्दा असा की ही गाडी मला झेपत नाही. मेकॅनिक म्हणतो, आता क्लच बोलायला लागेल. तुमच्या मित्राला सांगून एखादं गिऱ्हाईक बघा, अशी विनंती. ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमच्या शब्दावर विश्वास ठेवणारा (आजवर),
मेहुणा

ता. क. गिऱ्हाईक बघू नका. वर रागात लिहिलं आहे. ताईला मात्र थोडे दिवस पाठवा. दवाखान्यात जाताना ती मागे बसेल. त्या प्रश्नाला मी एकटा पुरत नाही.

आणखी ता. क. पत्राची घडी घालत होतो तोच आप्पांनी खुर्चीतून विचारलं, "कुणाला?" घरात, दाजी! गाडीत नव्हे. ही ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, दाजींना. ते म्हणाले, "त्यांना विचार, गाडी घ्यायला सांगताना त्यांनी स्वतः एकदा तरी चालवून पाहिली होती का."

अजून माझ्याकडे बघत बसले आहेत. काय सांगू ते फोन करूनच कळवा.