खंडेनवमीचा मॅनिफोल्ड

१५ सप्टेंबर १९९७, सोमवार. संध्याकाळी ६
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. मिलिटरीत हीच शिस्त होती.

मेव्हणा लालासाहेब कुपवाडला माझ्या शेडवर आला. त्याची बोअर मारायची गाडी उंब्रजला बंद पडलीय. कॉम्प्रेसरच्या इंजिनाचा मॅनिफोल्ड तडकला, तिसऱ्यांदा. बिडाचा पार्ट, इंजिन जुनं विलायती, नवा मागवला तर तीन महिने. आणि दसऱ्याला हिच्या माहेरी, कवठे महांकाळच्या पल्याड वाडीवर बोअर ठरलेली. यंदा तिकडं पाऊस फिरकलाच नाही. सासूबाई रंगूबाई सत्तरीच्या, रोज दीड मैलावरून डोक्यावर हंडा.

मी म्हणालो, स्टेनलेसचा बनवून देतो. पाईपचा. जन्मात तडकणार नाही. लालासाहेबानं विचारलं, दाजी, आदी कवा केलाय का? म्हणालो, सतरा वर्षं मिलिटरीच्या वर्कशॉपात काढली. (खरं आहे. कुठल्या खोलीत, ते त्यानं विचारलं नाही.)

माझ्या शब्दावर त्यानं बदली ठरवलेल्या जतच्या बोअरगाडीवाल्याला नको म्हणून कळवलं. ती गाडी आता कर्नाटकात जाणार, शिमग्यापर्यंत परत येत नाही. म्हणजे सगळा भार माझ्यावर. चांगलंय. मला प्रेशरमध्येच काम सुचतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार
हिला समजावलं. इंजिनाचा जळका धूर सहा तोंडांनी बाहेर पडतो. मॅनिफोल्ड तो गोळा करून टर्बोच्या पंख्यावर सोडतो. पंखा फिरला की इंजिनाला जोर. ही म्हणाली, म्हंजी चुलीचं धुराडं. बायकांना टेक्निकल सांगू नये.

दुपारी शेडमधल्या गेट-ग्रीलच्या वेल्डिंग मशीनवर स्टेनलेसचा तुकडा जोडून पाहिला. भोक पडलं. दुसरा घेतला. मोठं भोक. रॉड दमट असणार.

१७ सप्टेंबर, बुधवार
पितृपंधरवडा लागला. नव्या कामाला हात लावू नये. नाहीतर आजच निम्मं उरकलं असतं.

२० सप्टेंबर, शनिवार
फक्त चौकशी केली. चौकशीला पितर आड येत नाहीत. स्टेनलेसला आर्गॉनचं वेल्डिंग लागतं. ते मशीन धोंडीबाकडं आहे. तीस वर्षं डेअरीच्या दुधाच्या टाक्यांचं वेल्डिंग केलं, आता रिटायर. मशीन मागितलं तर म्हणाला, त्ये एकटं कुटं जात न्हाई, संगं मी येतो.

मग म्हणाला, हात दाखवा. मी तळहात पुढं केला. भविष्य नको, म्हणाला, कापतो का बघतोय. नंतर हिशेब सांगितला: वीस दिवस हायत, रोज दोन तास नुसत्या भंगार पाईपावर सराव. मी स्पष्ट सांगितलं, मला शिकायचं नाही, फक्त टच घ्यायचाय. व्हय, म्हणाला, टचच घिऊ. समजूतदार माणूस आहे. हेल्पर म्हणून चालेल.

२४ सप्टेंबर, बुधवार. सकाळी १०.३०
आर्गॉनच्या टॉर्चला टंगस्टनची सुई असते. ती कामाला टेकली की बिघडते, परत घासून टोक काढायचं. आज एकवीस वेळा घासली. आजकाल सुयांना क्वालिटी राहिलेली नाही.

त्याच सुईनं धोंडीबानं चहा येईपर्यंत एक अख्खा जोड मारला. एकदाही टेकली नाही. नशीब एकेकाचं.

२८ सप्टेंबर, रविवार
सरावाला दांडी. मानेत लचक. लालासाहेबाचा फोन आला, किती झालं? म्हणालो, ऐंशी टक्के. मनात पूर्ण झालंय, हातात यायचं तेवढं बाकी. फोन ठेवल्यावर घाम पुसला. उकाडा लय आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना
नऊ दिवस राहिले. पाईप कापले. सहातले दोन आखूड झाले. ड्रॉइंग चुकीचं होतं. ड्रॉइंग मी काढलं होतं, पण त्या दिवशी उजेड कमी होता.

धोंडीबानं मुकाट्यानं दोन नवे कापले. त्याचं न बोलणं मला टोचतं. शेवटी ओरडलोच, बोला की एकदा काय ते! तो म्हणाला, बोलायचं काय त्यात, पाईप आखूड हाय.

६ ऑक्टोबर, सोमवार
ही पद्धत लिहून ठेवतो. पुढं पोरांना शिकवायला लागेल. इंजिनाला चिकटून बसणारी सपाट पट्टी म्हणजे फ्लँज. वेल्डिंगच्या धगीनं ती वाकडी व्हायला बघते. म्हणून तिला इंचभर जाडीच्या लोखंडी प्लेटला आठ नटांनी आवळायची, मगच जोड मारायचे. आणि सगळं पार थंड होईपर्यंत नट सोडायचा नाही.

थंड म्हणजे किती, विचारलं. रातभर, धोंडीबा म्हणाला. लेकरू रडायचं थांबलं म्हणून लगीच मांडीवरनं खाली ठिवतोय व्हय? झोपू द्यावं लागतं.

एवढं मला कळत होतंच.

९ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी ३
बारा जोडांपैकी अकरा झाले. नऊ धोंडीबानं मारले, दोन मी. पण ते नऊ माझ्या देखरेखीखाली.

आणि आता हा गडी नागपूरला चालला! दसऱ्याला दीक्षाभूमीवर. एकोणतीस वर्षं चुकवलेलं नाही म्हणे. मी म्हणालो, यंदाचं वर्ष सोडा, वाडीच्या पाण्याचा प्रश्न आहे. तो सुया डबीत भरत राहिला. मग मीच विषय बदलला.

जाताना म्हणाला, एक जोड मुद्दाम ठिवलाय, त्यो तुमचा. सकाळी मारा. नट मातूर परवा पहाटंच सोडा, आनि तसाच उचलून गाडीवर न्या. दोनदा सांगितलं. मी काय बहिरा आहे?

१० ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी. सकाळी १०.१५
मारला! बारावा जोड मी मारला. सुई एकदाही टेकली नाही. सगळा जोड एकसारखा, माशाच्या खवल्यांगत. डोळ्यांत पाणी आलं. धुरानं. (आर्गॉनला धूर नसतो. तरी.)

सकाळी ११
लालासाहेब आणि सासूबाई पूजेला येतायत. पाटावर मशीन मांडलं, ग्राइंडर, हातोडे मांडले, झेंडूच्या माळा घातल्या. मॅनिफोल्ड तेवढा पालथा, नटांनी जखडलेला, चोर पकडून आणल्यागत. पाव्हण्यांना दाखवायचं काय, नटांची डोकी?

हात लावून पाहिला. क्षणभर टेकवता आला. म्हणजे गारच म्हणायचा. नट सोडले. आठव्या नटाला टक्क असा आवाज झाला. शुभशकुन.

दुपारी १
काय देखणा दिसत होता पाटावर! झेंडूची माळ घातली, तिच्यातनं थोडा धूर निघाला. लोकांना वाटलं धूप. सासूबाई डोकं टेकवायला वाकल्या, मी झटकन अडवलं, म्हणालो लांबूनच, सोवळ्यातला आहे. त्यांनी लांबनं हात जोडले. म्हणाल्या, बाबा, माज्या वाडीला पानी दे. मग सगळ्यांनीच हात जोडले. मलाही भरून आलं.

दुपारी ४
फ्लँजवर मापाची सरळ पट्टी ठेवून पाहिली. मधोमध फट. काडेपेटीची काडी आरपार जाते. पट्टी वाकडी असावी. शेजारच्या शेडमधनं दुसरी आणली. तीही वाकडी.

ग्राइंडरनं फ्लँज घासून सपाट केली असती. हिनं हात धरला. पुजलेल्या हत्याराला उद्या सोनं लुटेपर्यंत शिवायचं न्हाई. लालासाहेबानंही मान डोलावली. तेव्हाच खरं सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण सासूबाई समोर बसून हिला सांगत होत्या, उद्यापास्नं हंडा खुंटीला.

नटांनी आवळलं की ओढून बसेल. वर फट बुजवायला डबल गॅस्केट. बसेल. बसायलाच पाहिजे.

११ ऑक्टोबर, शनिवार. दसरा. सकाळी ९
वाडीवर. लालासाहेबानं उंब्रजची गाडी ओढून आणलीय. अख्खी वाडी जमलीय. हंडे रांगेत मांडलेत. मॅनिफोल्ड बसवला. दोन भोकं जुळेनात, कानस मारून वाढवली. स्पॅनरला पाईप लावून आवळलं. फट दिसेनाशी झाली. बोललो नव्हतो?

दुपारी २
वीस फूट. चाळीस. धुरळा पांढरा, नंतर तांबडा. पोरं नाचायला लागली. साठ फुटांवर इंजिन शिट्टी मारायला लागलं. मॅनिफोल्डच्या मधनं काळा धूर. धूर बाहेरच निसटला तर पंख्याला फिरवणार कोण? जोर गेला. मग टाणकन आवाज. फ्लँज धरून ठेवणारा एक स्टड तुटला. पाठोपाठ दुसरा. लालासाहेबानं इंजिन बंद केलं.

मी म्हणालो, डिझेलात भेसळ असणार.

तो चिडला असता तर बरं झालं असतं. जवळ येऊन हळूच विचारलं, दाजी, तुमी मिलिटरीच्या वर्कशॉपात नेमकं कशाला होता?

सगळे बघत होते. ही पण. म्हणालो, स्टोअरला. नटबोल्ट मोजून द्यायला.

सासूबाईंनी रांगेतला आपला हंडा उचलला. चला गं, म्हणाल्या, दिस कलला. सगळ्या बायका त्यांच्या मागनं गेल्या. ही पण गेली. तिला तर हंडा नव्हता, तिनं शेजारणीचा घेतला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
धोंडीबा नागपूरहून आले. मॅनिफोल्ड हातात घेऊन फिरवला. पाईपाला झेंडूची जळकी पाकळी चिकटली होती. ती नखानं काढली, तळहातावर ठेवली, माझ्याकडं बघितलं. मी नटांचा डबा आवरायला घेतला.

म्हणाले, फ्लँज कापून नवी घालू. आठ-धा दिवस लागतील. बारावा जोड ठिवू, चांगला आलाय.

मी विचारलं, मग मी कधी बसू टॉर्चवर? ते म्हणाले, तुमी तवर वाडीला पानी पोचवा.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. वाडी. सकाळी ७
ही माहेरीच आहे. माझ्याशी बोलत नाही. मीही दोन दिवस इथंच. माझ्या एम-एटी दुचाकीला दोन्ही बाजूंनी कॅन बांधायची पद्धत बसवली. वाहतूक आणि पुरवठा हा माझा मूळ विषय. एका खेपेला चाळीस लिटर. नऊच्या आत तीन खेपा, असं टाइमटेबल. एकदा सिस्टिम लागली की वाडीला बोअर लागणारच नाही.

पहिली खेप. सासूबाई दारात हंडा घेऊन उभ्याच. बघू देत म्हणून जरा ऐटीत आलो, आणि चालत्या गाडीवरच दोरीची गाठ ओढली. कॅन आडवा. वीस लिटर त्यांच्या पायाशी.

त्यांनी लुगडं सावरलं. म्हणाल्या, आवं जावयबापू, गाडी थांबू द्या की आदी, मग दोरी सोडा.

ही चुलीपुढनं पहिल्यांदा बोलली. म्हणाली, आई, त्येंना कोण सांगनार.

परत दीड मैल.