बावन्नाव्या भागाची टेंभरं

कुडवा, गोंदिया
रविवार, ११ मे २०१४

आदरणीय रत्नपालदादास,

रीनाचा सविनय जय भीम. (‘आदरणीय’ हा शब्द हाताच्या सवयीने पडला आहे, त्याचा फार अर्थ लावू नकोस.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत, आईचे गुडघे सोडून. तुझी तब्येत कशी आहे, रायपूरचं पाणी मानवलं का, वहिनीचा खोकला थांबला का, हे मी मुद्दाम विचारून राहिली, कारण आजारी माणसावर राग काढता येत नाही आणि मला तुझ्यावर भरपूर राग काढायचा आहे. तेव्हा ठणठणीत असशील तरच पुढे वाच. पत्र शेजारच्या छोटेलालच्या हाती देते आहे. तो उद्या सकाळच्या गाडीने रायपूरला येतो आहे. त्याच्या हातात एक टोपलीही आहे, तिच्याकडे आत्ता बघायचं नाही. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर तू हसतोस. तू हसलास की मला हसू येतं आणि भांडण जागच्या जागी मरतं. कागदावर हसून दाखव आता.

‘आसमानी पहरेदार’ आठवतं का? नाही म्हणालास तर मी स्वतः रायपूरला येईन. दोन हजार एकचा उन्हाळा, संध्याकाळचे पाच, उमरावकाकांच्या घरची केबल, आणि आपली अख्खी आळी त्यांच्या पडवीत. जपानचं कार्टून, हिंदीत बोलणारं. आकाशात लोंबकळणारं शहर आणि त्याचे सात राखणदार, त्यातली सगळ्यात लहान सुमिका. चंद्रकांताकाकूंची अट होती की पाय धुऊन बसायचं आणि टीव्ही पाहता पाहता चिंचा फोडायच्या. (बावन्न भागांत त्या बाईने आपल्याकडून वर्षभराच्या चिंचा फोडून घेतल्या. माझी बोटं जुलैपर्यंत आंबट होती.) आणि ज्याचा भाग चुकला त्याला दुसऱ्या दिवशी तळ्यावर, बोडीच्या पाळीवर बसून पाहणाऱ्याने सांगायचा. सांगणाऱ्याला पंधरा टेंभरं, तेंदूची पिवळीधमक फळं. खोटं सांगितल्याचं उघडकीला आलं तर टेंभरं परत, वर कपड्यांसकट बोडीत बुडी. हा कायदा कोणी केला होता? तू. मला वाटायचं, माझा मावसभाऊ किती न्यायाचा माणूस आहे.

मग आला बावन्नावा भाग, शेवटचा. शहर खाली कोसळून राहिलं आहे, सहा राखणदार बेशुद्ध पडले आहेत, सुमिका एकटी उभी आहे आणि समोर शहराचं ते मोठं चक्र. तिने हात पुढे केला आणि लाईट गेली. लोडशेडिंग. मी चिंचांनी भरलेलं सूप उलटं केलं आणि काकूंची बोलणी खाल्ली. तू त्या दिवशी यादोराव मावसाजींबरोबर कोहमाऱ्याला गेला होतास, आणि तिथल्या धाब्यावर जनरेटर आहे हे साऱ्या आळीला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तू परत आलास ते साहेबासारखा, पाळीवर मांडी घालून बसलास आणि पाऊण तास सांगितलंस. चक्र तापून लाल झालेलं. सुमिकाने गळ्यातली ओढणी सोडून हाताला गुंडाळली. चक्राकडे जायला लोखंडी शिडी, खाली ढग, आणि तिला उंचीची भीती. मग ती स्वतःलाच म्हणाली, “खालतं पाहू नोको, आपल्या हाताकडं पाहा.” असं म्हणत एकेक पायरी चढली, एकटीने चक्र फिरवलं, शहर समुद्रावर अलगद उतरवलं, आणि सहाही जणांनी उठून तिला आपली प्रमुख केली. मी तुला पंधराच्या ठिकाणी तीस टेंभरं दिली. उदाराममामाने सालेकशाहून आणलेली, माझ्या वाट्याची सगळी.

त्या वर्षी माझी सातवी झाली होती. आठवीची शाळा गोंदियात, बाबांनी जुनी सायकल आणून ठेवलेली, आणि मी पहिल्याच दिवशी साऱ्या आळीसमोर नालीत पडले होते. पुन्हा सायकलला हात लावणार नाही म्हणून शपथ घेतली. बाबा म्हणाले, मग राहा घरी. मी राहायला तयार होते. तुझी गोष्ट ऐकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली, हँडलवरच्या हातांकडे पाहत गोंदियाच्या फाटकापर्यंत गेले. (समोर न पाहिल्यामुळे एका म्हशीला धडकले, पण पडले नाही.) पुढे आयटीआय, पुढे विजेच्या खात्यात नोकरी, भरतीला खांबावर चढायचं होतं तेव्हा पोरं खाली हसत उभी होती आणि मी वरपर्यंत तेच वाक्य म्हणत गेले. घरी काय, खात्यात काय, मी सगळ्यांना सांगते की मला एका जपानी मुलीने चढायला शिकवलं.

आता नोकरीचं ऐक, कारण रागाचं मूळ तिथे आहे. खांबावर चढून नोकरी मिळवलेल्या आम्ही दोघी, मी आणि दीप्ती. दीप्ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, दोन लेकरांची आई. आणि आम्हाला दीड वर्षापासून बसवलं आहे कुठे, तर तक्रारीच्या फोनवर. लाईट केव्हा येणार, लाईट काऊन गेली, आमच्याच आळीची काऊन गेली. (परवा एक बाई म्हणाली, मालिकेत आज लग्न आहे, मुहूर्तापर्यंत तरी आणा.) मी साहेबांकडे भांडायला गेले. साहेब म्हणाले, पंधरा तारखेला गुरुवारी सगळ्यांसमोर चढून दाखवा, लाईनवर पाठवतो; पण बाई एकटी पाठवणार नाही, दोघी चढल्या तर दोघी, नाही तर दोघींचा फोन कायमचा. आता दीप्तीचं असं झालं आहे की धाकट्या पोराच्या वेळी दवाखान्यात पडून राहिल्यापासून ती अर्ध्या खांबावर गेली की खांबाला मिठी मारते. डोळे मिटते. उतरते आणि डबा उघडते. मला तिचा राग येत नाही आणि तोच राग मग घरी आईवर निघतो.

म्हणून मी डब्याच्या वेळी तिला सुमिकेची गोष्ट सांगायला घेतली. तिला इतकी आवडली की म्हणाली, मला हे पाहायचंच आहे. मग मी बाजारात मोबाईलवाल्या मुन्नालालकडून बावन्नच्या बावन्न भाग पेन ड्राइव्हवर भरून आणले, आणि तेरा वर्षांनी पुन्हा पाहायला बसले. बापा रे बापा. हे आपण पाहत होतो? हे पाहण्यासाठी मी चिंचा फोडल्या? सातही जण प्रत्येक भागात तोच एक डोंगर उतरतात, तेच झाड डावीकडून तीनदा जातं. बोलणं संपतं आणि तोंड हलतच राहतं. काळा सेनापती कड्यावरून पडतो तो एकोणिसाव्या भागात, खाली पोचतो एकविसाव्यात, मधे सगळं लहानपण सांगून होतं. आणि सुमिकेच्या हातात जो पांढरा चमत्कारी गोळा होता, ज्याच्यासाठी आपण चुन्याचे गोळे करून मार खाल्ला, तो भात आहे. भाताचा मुटका. ती पोरगी बावन्न भाग सहा जणांना भात वाढते. मी वहीत खुणा केल्या, अडतीस भागांत ती रडते आणि उरलेल्या चौदांत भांडी घासते.

तरी मी धीर धरला. म्हटलं शेवट येऊ दे, शेवटी चढते ना. एक्कावन्न भाग दीप्तीने घरी नेऊन पाहिले, बावन्नावा मी म्हटलं आधी मी पाहते, गेल्या रविवारी दुपारी. सुमिका चक्राकडे हात करते. (इथे मी आपोआप वरच्या बल्बकडे पाहिलं. लाईट गेली नाही. गेली असती तर बरं झालं असतं.) हात करते, आणि मागून तिचा मोठा भाऊ, त्या सहांतलाच एक, शुद्धीवर येतो, तिला बाजूला सारतो, स्वतः चक्र फिरवतो, आणि ती बाजूला उभी राहून रुमाल हलवते. शिडी नाही. ओढणी नाही. शहर उतरल्यावर ती सगळ्यांना भात वाढते. समाप्त. मी इतक्या जोरात ओरडले की आई कणकेचे हात घेऊन धावत आली, तिला वाटलं कोणीतरी गेलं. मी म्हटलं, गेलीच समज.

पहिला राग जपानवर आला, पण जपानला पत्र कुठे पाठवणार. म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून थेट कोहमाऱ्याला गेले, मावसाजींकडे. म्हटलं, धाब्यावर त्या दिवशी वेगळं काही दाखवलं असेल, दोन शेवट असतील. मावसाजी आपल्या टायरच्या दुकानासमोर उभे होते आणि एका उंच भरलेल्या ट्रकवर नवा क्लीनर तिरपाल बांधायला चढून राहिला होता, अर्ध्यात अडकलेला. मावसाजी खालून शांतपणे म्हणाले, “खालतं पाहू नोको, आपल्या हाताकडं पाहा.” दादा, मी तिथेच टायरवर बसले.

जपानची पोरगी, बावन्न भाग हिंदीत बोललेली, शेवटच्या भागात एकदम आपल्या झाडीबोलीत काऊन बोलली, हे मला तेरा वर्षांत एकदाही सुचलं नाही. खात्यात मी हुशार समजली जाते. मावसाजींना विचारलं तर ते म्हणाले, धाब्याचा टीव्ही त्या दिवशी दुरुस्तीला गेला होता, पोरानं काहीच पाहिलं नाही, दिवसभर टायरवर बसून वहीत काहीतरी लिहून राहिला होता. म्हणे, मी समजलो अभ्यास करून राहिला. मग मला म्हणाला, बाबा, रीना सायकलीवर बसायला पाहिजे, नाही तर तिची शाळा जाते.

याचा मला सगळ्यात जास्त राग आला. खोटं बोलायचं होतं तर साधं बोलायचं, एवढी मेहनत कायले केली? तुझ्या आईला, ललितामावशीला विचारलं, तर ती म्हणते तिलाही माहीत होतं, उमरावकाकांनाही माहीत होतं. साऱ्या आळीला माहीत आणि मी एकटी तेरा वर्षं जपानचे आभार मानून राहिली. आता तू रायपूरला डॉक्टरांना गोळ्या विकतोस आणि तिथेही असंच बसून सांगत असशील, म्हणून तर खपतात. तेव्हा कायद्याप्रमाणे माझी मागणी अशी आहे की तीस टेंभरं परत कर, एकही कमी नको, आणि बोडीत बुडी मार. मेमध्ये बोडीला गुडघाभर पाणी आहे. तेवढ्यात मारायची, लोळून मारायची, मी पाळीवर बसून पाहीन.

वहिनींना आणि लेकराला जय भीम सांग. माझा राग अजून उतरलेला नाही, हे त्यांनाही सांग.

तुझी, तुझ्यावर चिडलेली,
रीना

ता. क. – बावन्नावा भाग मी पेन ड्राइव्हवरून उडवला. दीप्तीला सांगितलं की मुन्नालालने अर्धवट भरला. ती एक्कावन्नावर अडकली आहे आणि रोज विचारते, चढली का गं? मी सांगायला गेले तर शिडीपाशीच अडते. आता मला माहीत आहे ना. माहीत असलेल्याला सांगता येत नाही. तुला कसं सांगता आलं रे?

दुसरं ता. क. – बुधवारी बुद्धपौर्णिमा आहे. तू दरवर्षी खिरीला येतोस, यंदा सकाळीच ये. दीप्तीला मी खिरीला बोलावलं आहे आणि सांगितलं आहे की माझ्या भावाने शेवटचा भाग पाहिला आहे. तिला बोडीच्या पाळीवर बसव आणि जसा मला सांगितलास तसाच सांग. ओढणी विसरू नकोस, तापलेलं चक्र विसरू नकोस. आणि ते वाक्य सावकाश सांग, तिला गुरुवारी वरपर्यंत पुरलं पाहिजे. मी बाजूला बसेन, मलाही नीट ऐकायचं आहे.

तिसरं ता. क. – आता टोपली उघड. सालेकशाची आहेत, उदाराममामाने काल आणली. पंधरा नाहीत, तीस आहेत. परत करायची नाहीत.