मास्ट पेशींचं जेवण

३ मार्च
नाळेच्या रक्तातून वाढवलेल्या माझ्या मास्ट पेशी दहा आठवड्यांच्या झाल्या. अंगाला खाज आणतात म्हणून जग त्यांना नावं ठेवतं. पण स्वतःच्या वाढीचा घटक त्या स्वतःच बनवतात, हे मी सिद्ध करणार. मग थिसिस सादर, आणि जूनमध्ये बायकोबरोबर ग्दान्स्कला. यागोदाला तिथे नोकरी लागलीय. पोलंडच्या या वुच शहरात सात वर्षं कुजलो, पुरे झालं.

१९ मार्च
सासऱ्यांचा नामदिवस, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा दिवस; इथे वाढदिवसासारखाच साजरा होतो. गेलो नाही. पेशींना खायला कोण घालणार? सासरे म्हणाले म्हणे, जावयाला आमच्यापेक्षा पेशी सख्ख्या.
पेशी हल्ली फार शांत असतात. समाधानी असाव्यात.

२ एप्रिल
डिशमध्ये पेशींभोवतीचं पातळ खाद्य तपासलं. वाढीचा घटक भरपूर! यागोदाला फोन केला. घर बघू का, म्हणाली. म्हटलं, बाल्कनीचं बघ.

४ एप्रिल
ज्याचं यश त्यानंच केक आणायचा, ही आमच्याकडची रीत. आणला. लॅबनं दोन-दोन तुकडे हाणले. प्राध्यापक दोमान्स्काबाईंनी विचारलं, पेशी न घालता नुसतं खाद्य मोजलंस का? म्हटलं, गरज काय? बाईंनी प्लेट खाली ठेवली. मधुमेह असावा.

१७ एप्रिल, ईस्टर
बाईंच्या हट्टापायी नुसतं खाद्य मोजायला लावलंय. यागोदा माहेरी. सुट्टी म्हणून इमारतीला बाहेरून कुलूप, मी आत; वॉचमन संध्याकाळी उघडेल. उबवणीपेटीत पेशी सदतीस अंशांत, पेटीच्या कोंडट खोलीत मीही जवळपास तितक्यातच. गुदमरायला होतं. जूनमध्ये सुटका, नक्की.

२२ एप्रिल
नुसत्या खाद्यातही घटक तेवढाच. बरोबरच आहे. पेशी जगाव्यात म्हणून तो घटक खाद्यात मीच घालतो. माझंच मला परत मोजून मिळालं.
बाईंनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. पेशी मेल्यात, म्हणाल्या, महिना तरी झाला असेल. केक परत मागता येत नाही.

१ मे
यागोदा एकटीच ग्दान्स्कला निघाली. तिला स्टेशनवर सोडलं. तिला समजावलं, कालच नवी नाळ मिळालीय, दहा-बारा आठवडे, की मी मोकळा. ती म्हणाली, "मितेक, मेलेल्यांना तू महिनाभर भरवलंस. मी जेवले का, हे कधी विचारलंस?"
गाडी हलली. खिडकीतून तिनं हात हलवला. ये, असंच म्हणत असावी.
तिथून लॅबमध्ये गेलो. नव्या पेशींना खायला घालायचं होतं.