ओल्या बनियनवरचा तुमचा फोटो

अहो,

काल बापू घरी आला होता. तुमचा जुना विद्यार्थी, आता शाळा समितीचा अध्यक्ष. सणसवाडीच्या कंपन्यांना माणसं पुरवण्याचा ठेका घेतो आणि गाडीतून आधी पोट उतरतं, मग तो. बोलता बोलता म्हणाला, "काकू, सर असते तर त्यांनाच इचारलं असतं." तो गेल्यावर मला वाटलं, खरंच, विचारावंच. तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, कारण गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला नाटकी वाटतं. आज लिहिते आहे ते मला तुमचा राग आला आहे म्हणून. ज्याचा राग येतो त्यालाच तो सांगायचा, ही माझी सवय तुम्ही आयुष्यभर सोसलीत. आणखी एकदा सोसा.

तुमच्या पुण्यतिथीला शाळा दरवर्षी तुमच्या नावानं दौड भरवते, हे तुम्हाला कुठून माहीत असणार? शाळेच्या फाटकातून निघायचं, पाटाच्या चारीच्या कडेनं उसातून डांबरी रस्त्यापर्यंत जायचं आणि वळसा घालून परत. डिसेंबरातली सकाळ आणि भीमेवरून येणारं वारं. यंदा त्यात आदल्या रात्रीपासून अवकाळी पाऊस. उजाडलं तरी भुरभुर थांबेना. मी बापूला फोन केला आणि दौड पुढं ढकल म्हणून सांगितलं. तो म्हणाला, पाहुणे पुण्याहून निघालेत, आता कसं ढकलायचं? म्हणजे पाऊस ढगाला विचारून येत नाही, पण दौड पाहुण्यांना विचारून होते!

यंदा मुलांना नवे बनियन वाटले होते. जाड सुती, बिनबाह्यांचे. छातीवर तुमचा फोटो, शिट्टी तोंडात धरलेला. पाठीवर ते बनियन देणाऱ्या देणगीदाराचं नाव, तुमच्या चेहऱ्यापेक्षा मोठ्या अक्षरात. मुलींना खाली जाड ट्रॅकपँट, कारण गावाला मुलींचे गुडघे दिसलेले चालत नाहीत. ती पँट भिजली की घोट्याशी लोंबते आणि पावलागणिक पाय मागं ओढते. पावसापाण्यात खेळायला सुती कापड! तुम्हाला त्याचा किती तिटकारा होता. पाणी पितं आन् सोडत न्हाई, असं म्हणत तुम्ही दर पावसाळ्यात मुलांना पातळ, लवकर वाळणारे सदरे घालून यायला लावायचात. आता त्याच सुती कापडावर तुम्हाला छापलंय.

मैदानावर पोहोचले तर माइकवरून सूचना चालली होती. सरांची शिस्त आहे, मैदानावर स्वेटर चालणार नाही, सगळ्यांनी काढून ठेवा. मुलांनी मुकाट्यानं स्वेटर काढले, जर्किनं काढली, कानटोप्या काढल्या. सगळ्याचा ढीग लिंबाखाली, पावसातच. दौड सुरू व्हायला अजून अवकाश होता. पाहुण्यांची गाडी कोरेगाव भीमाला अडकली होती. सगळी पोरं उघड्या दंडांनी रांगेत उभी, काखेत हात घालून, एका पायावरून दुसऱ्या पायावर. आपली ईश्वरीही त्यांच्यात.

ईश्वरी आता सातवीत आहे. तुम्ही पाहिलीत तेव्हा ती धड चालतही नव्हती. चाल तुमची घेतली आहे, आणि हट्टही.

मग पाहुणे आले. आम्ही सगळे मांडवात, कोरड्या खुर्च्यांवर. समोर मुलं भिजतायत आणि वर सत्कार चाललेत. एकेका पाहुण्याच्या खांद्यावर शाल. मलाही शाल घातली, लोकरीची, गरम. ती अंगावर पडली आणि मला चटका बसल्यासारखं झालं. मी उठून बापूला म्हटलं की भाषणं नंतर कर, आधी मुलांना अंगावर काहीतरी घालायला दे. तो हसून म्हणाला, "आवं काकू, पळाली की गरम व्हतील. सरच म्हणायचे ना?" त्यानं भिंतीकडं बोट केलं. मैदानाच्या भिंतीवर तुमचं वाक्य रंगवलंय, पिवळ्यावर लाल: घाम हाच खेळाडूचा स्वेटर.

मी खाली उतरले. ढिगातून ईश्वरीचा स्वेटर ओढून काढला, तोही निम्मा भिजलेला. तरी तिच्याकडं नेला. ती दातावर दात आपटत कुजबुजली, "आजी, नको ना. सगळे बघतायत. आजोबांची दौड आहे." आणि तोंड फिरवलं. माइकवर पाहुणे सांगत होते की हल्लीच्या पिढीत दम राहिला नाही. स्वतःच्या गळ्यात मफलर.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते नीट आठवायला मला अजून जमत नाही. मुलं एकेक करून परत आली. ईश्वरी आली नाही. पुढं धावणाऱ्यांबरोबर मोटारसायकल होती, मागं राहिलेल्यांसाठी कोणीही नव्हतं. उसाच्या ट्रॅक्टरवाल्याला ती चारीच्या कडेला बसलेली दिसली. नाव विचारलं तर तिला सांगता येईना. त्यानं तिला आपल्या शेजारी बसवून आणलं. ओठ निळे, बोलणं जड, आणि थरथर इतकी की मला तिचा हात धरता येईना. आपला महेश पहिल्या पाळीला कंपनीत गेलेला, फोन लागेना. सूनबाईनं आणि मी तिला तशीच गाडीत घालून दौंडला नेली. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यात आधी काय केलं, सांगू? ओला बनियन अंगाला असा चिकटला होता की वरून निघेना. त्यांनी कात्री घेतली आणि तो उभा कापला. कात्री तुमच्या कपाळातून गेली, हनुवटीतून बाहेर पडली. मला काहीही वाटलं नाही. खोटं कशाला लिहू? बरं वाटलं.

आता ती बरी आहे. तेवढं ऐकून सुटलो असं समजू नका.

भिंतीवरचं वाक्य कोणाचं? तुमचंच ना? निवृत्तीच्या वेळी शिरूरला सत्कार झाला, तेव्हा तुम्ही उभे राहिलात आणि छाती पुढं काढून सांगितलंत, माझी पोरं थंडीपावसात बनियनवर पळाली, घाम हाच त्यांचा स्वेटर होता. काय टाळ्या पडल्या! मी पहिल्या रांगेत बसून वाट बघत होते, आता पुढचं सांगतील, आता सांगतील. तुम्ही आभार मानून खाली बसलात.

पुढचं काय होतं, ते मला ठाऊक आहे. मी बघितलंय. स्वेटर तुम्ही काढायला लावायचात, पण केव्हा? मुलं रेघेवर उभी राहिली आणि शिट्टी तुमच्या ओठाला लागली की मग. तोवर कोणी बटण उघडलं तरी ओरडायचात. भुरभुर आणि वारं एकदम असलं की चारीची वाट बंद, शाळेभोवतीच फेऱ्या, म्हणजे कोणीही छपरापासून लांब नको. आणि पावसानं जोर धरला की दौड रद्द. त्या दिवशी घरी तुमचं तोंड एवढंसं, जेवायला बोलायचा नाहीत, पण रद्द म्हणजे रद्द. खेळाच्या खोलीत चेंडू आणि जाळ्यांच्या शेजारी पत्र्याची पेटी होती, जुने धुतलेले सदरे, टॉवेल, थोरल्या भावंडांना आखूड झालेले स्वेटर. ते गोळा करत मीच, दौंडच्या ज्या शाळेत शिकवायचे तिथून, एसटीनं गाठोडी आणायचे, कंडक्टर मला बोहारीण म्हणायचा. मूल परत आलं की त्याचा नंबर कितवा हे तुम्ही नंतर विचारायचात. "आधी वलं काढ, मग बोल," हे पहिलं. मुलींना शिक्षिकांच्या खोलीत पाठवून दाराशी मावशीला उभं करायचात. सुंठ-गुळाचं पाणी उकळत ठेवायचात. त्यासाठी माझं सगळ्यात मोठं पातेलं न्यायचात आणि काळं करून आणायचात.

यातला एक शब्द तरी त्या भाषणात होता का?

सत्काराहून परत येताना, न्हावऱ्याच्या पुढं एसटी रिकामी झाल्यावर, मी तुम्हाला विचारलं होतं. पेटीचं का नाही सांगितलंत? तुम्ही मांडीवरचा नारळ फिरवत म्हणालात, "अगं, त्यात सांगण्यासारखं काय हाय? आई करती तसली कामं ती. लोक ते ऐकायला येतात व्हय?" आणि खिडकीबाहेर बघत बसलात. मला तेव्हा वाटलं, माणूस लाजाळू आहे. लाजाळू कसले! टाळी कुठं पडते ते तुम्हाला बरोबर कळत होतं.

आता काल बापू कशाला आला ते ऐका. केळी आणि सफरचंदं घेऊन आला. ईश्वरीच्या पायाशी बसला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "सरांची नात हायेस तू. आसं बसून कसं चालंल? आम्ही न्हाई का पळालो?" पोरीनं मान खाली घातली ती तो जाईपर्यंत वर केली नाही. मी तिला आत पाठवलं. मग त्यानं मूळ मुद्दा काढला. पुढच्या वर्षी दौड मोठी करायची आहे. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांतल्या शाळा बोलवायच्या. तोच बनियन, तोच फोटो, तीच शिस्त. तुमचं नाव सगळीकडं जाणार म्हणून घरच्यांची संमती पाहिजे.

मी त्याला विचारलं, नववीत असताना तू पावसात भिजून काकडत आला होतास, आठवतं का? तुला कोरडा सदरा कोणी घातला?

मला वाटलं, नाही म्हणेल. तो सफरचंदाची पिशवी उगाच नीट करत म्हणाला, "सरांनी. सवताचा सदरा घातला हुता. ते बनियनवर घरी गेले त्या दिवशी."

"मग हे मुलांना का सांगत नाहीस?"

"आवं काकू, ती घरातली गोष्ट. ती काय ष्टेजवर सांगायची असती?"

ऐकलंत? शब्द वेगळे, पण एसटीतलं तुमचंच उत्तर. मी इतके दिवस समजत होते की या लोकांना काही माहीत नाही म्हणून ते मुलांचे हाल करतात. त्यांना सगळं माहीत आहे. पेटी आठवते, सुंठ आठवते, तुमचा सदरा अंगावर पडला तेव्हाची ऊबसुद्धा आठवते. फक्त ते सांगायची त्यांना लाज वाटते. सोसलेलं चारचौघांत सांगायचं आणि कुणी जपलं ते घरात ठेवायचं, हे शिक्षण त्यांना कोणी दिलं? तुम्ही दिलंत. कवायतीपेक्षा ते चांगलं शिकवलंत. तुमची अर्धी गोष्ट मोठी होऊन शाळेच्या भिंतीवर चढली आणि उरलेली अर्धी माझ्याजवळ राहिली, काळ्या पातेल्यासकट. तुम्ही मुलांवर एवढी माया केलीत आणि चोरीचा माल असल्यासारखी ती लपवलीत. का? कशासाठी?

काल रात्री जेवताना ईश्वरीनं विचारलं, "आजी, मी मधेच बसले म्हणून आजोबा रागावले असते का गं?" तेरा वर्षांची पोर, अंगात अजून अशक्तपणा, आणि तिला भीती कोणाची? तुमची! ज्या माणसानं एका मुलाला कोरडं करायला स्वतःचा सदरा काढून दिला, त्याची. मला इतका संताप आला की हातातला घास मी ताटात ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मग हे आम्हाला शाळेत कुणी का सांगितलं नाही?" याचं उत्तर तुम्ही द्या. मी देणार नाही.

बापूला मी संमती दिलेली नाही, अटी घातल्या. अंगात पातळ, लवकर वाळणारे पूर्ण बाह्यांचे सदरे, मुलींनाही पळता येईल अशी हलकी पँट. शिट्टी होईपर्यंत जर्किन अंगावर. प्रत्येक मुलाच्या नावाचा कोरडा जोड शेवटच्या रेघेपाशी, छपराखाली. सगळ्यात मागच्या मुलामागं एक मोठा माणूस. भाषणं दौडीनंतर, मुलं कोरडी झाल्यावर. आणि पाऊस असेल तर पाहुणे दिल्लीहून निघालेले असोत, दौड नाही. एवढं होणार असेल तर नाव वापरा, म्हटलं. तो म्हणाला, समितीत बोलतो, पण लोक म्हणतील सरांच्या घरच्यांनीच सरांची शिस्त मोडली. म्हणू देत. रविवारी बैठक आहे आणि मी जाणार आहे. बोलावणं नाही, तरी.

तिथं मी काय बोलणार ते तुम्हाला आधीच सांगून ठेवते, मागून तक्रार नको. तुम्ही जे कधी बोलला नाहीत ते सगळं बोलणार आहे, बापूचं नाव घेऊन, त्याच्यासमोर. त्याला लाज वाटली तर वाटू दे. तुम्हालाही वाटली तर वाटू दे. त्यांनी ऐकलं तर पुढच्या डिसेंबरात ईश्वरी तुमच्या दौडीत पळेल. ती पळणार म्हणते, मी अडवणार नाही. नाही ऐकलं, तर त्या दौडीवरून, त्या बनियनवरून आणि त्या भिंतीवरून तुमचं नाव मी स्वतः उतरवून घेईन. गावात तुमची आठवण राहिली नाही तरी चालेल मला. तुमच्या नावाची कोणा मुलाला भीती वाटली, तर ते चालणार नाही. हा माझा शब्द.

तुमच्यावर चिडलेली आणि तुमची बाजू मांडायला निघालेली,
सुमन